ठाण्याच्या भिंतीलगतची पऱ्हाटी

माय,

आपल्या गावातल्या पोलीस ठाण्याच्या भिंतीलगत उगवणारी कपाशीची पऱ्हाटी तुला आठवत असेल. ती कोणी पेरली नव्हती, कोणी निंदत नव्हतं, तरी दर पावसाळ्यानंतर तिथे दहा-पंधरा झाडं उभी राहायची आणि दिवाळीच्या सुमारास त्यांची बोंडं पांढरी व्हायची. मंगळवारच्या बाजारात तुझी भाजीची जागा त्याच भिंतीच्या सावलीत होती. मी सहा-सात वर्षांचा असेन. तू कोणाला तरी वांगी तोलून देत होतीस, तेवढ्यात मी उठून एक फुटलेलं बोंड तोडून आणलं, तुझ्या दिव्याला वाती होतील म्हणून. तू तराजू खाली ठेवलास, माझ्या मनगटावर असा फटका मारलास की बोंड धुळीत पडलं, आणि गिऱ्हाइकासमोरच म्हणालीस, "थे मेलेल्याइचं हाय. त्याले हात नाई लावायचा." मी रडलो नाही. मला राग आला होता. वाती तुझ्यासाठीच होत्या.

घरी परतताना तू समजावून सांगितलंस. आजूबाजूच्या गावांचे कोतवाल दर मंगळवारी ठाण्यात यायचे, आठवड्यात गावात कोण जन्मलं आणि कोण मेलं ते मुन्शीला सांगायला. त्यांना लिहिता येत नव्हतं. जन्माला ज्वारीचा दाणा आणि मरणाला सरकी, कापसाचं बी, असं ते धोतराच्या कनवटीला बांधून आणायचे. मुन्शीपुढे एकेक सरकी काढून नाव सांगायचे, आणि सांगून झालं की बाहेर येऊन सगळं भिंतीशी टाकून द्यायचे. मेलेल्याची खूण परत घरी कोण नेणार? ज्वारी चिमण्या खायच्या, सरकी उरायची आणि पावसात रुजायची. म्हणजे ती पऱ्हाटी कशाची होती आणि मंगळवारी ठाण्यात काय चालायचं, हे मला सातव्या वर्षापासून ठाऊक होतं. हे मी मुद्दाम आधीच लिहून ठेवतो. पुढे जे झालं त्यात मला माहीतच नव्हतं, असं म्हणायची सोय मला राहू नये.

तू जाऊन आता तीसच्या वर वर्षं झाली. नोकरी संपल्यापासून मी अकोल्यालाच आहे. गुडघे दुखतात, वर्तमानपत्र वाचून होतं, आणि चिडचिड करायला घरात पुरेशी माणसं आहेत. गेल्या आठवड्यात एक मुलगी भेटायला आली. डॉक्टर आहे आणि पुढचं शिकते आहे, मी कलकत्त्याला शिकलो तेच: साथी कशा पसरतात, आणि माणसांच्या जन्ममरणाचे आकडे कसे वाचायचे. आता त्या विषयाला लांबलचक नावं आहेत. तिच्या पिशवीत माझाच जुना अहवाल होता, मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या दिवसांतला, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. पहिल्या अहवालात मी पटकीच्या साथीचा दोष आपल्या गावच्या बाजारावर ठेवला होता आणि नंतरच्या पुरवणीत तो स्वतःच खोडून नदीकडे बोट दाखवलं होतं. पुरवणीवरची तारीख नदीच्या खालच्या अंगाच्या गावात माणसं मरायच्या आधीची आहे. तिला हे फार आवडलंय. आपली चूक इतक्या लवकर कबूल करणारे फार थोडे असतात सर, असं ती म्हणाली. तिच्या प्रबंधात त्या तारखेवर एक आख्खं प्रकरण उभं राहतंय. आधी इशारा मिळूनही त्या वेळचे आरोग्यसाहेब तीन दिवस हलले कसे नाहीत, असा तिचा प्रश्न आहे. मी मान हलवली आणि चहाचं बघतो म्हणून आत गेलो. परवा ती पुन्हा यायची आहे.

म्हणून हे पत्र. तिला काही सांगायचं तर आधी तुला सांगावं लागेल, कारण खोटं मी पहिल्यांदा तुझ्याशी बोललो.

मी कलकत्त्याला निघालो तो दिवस मला दिसतो. तू चुलीपाशी बसली आहेस, वाटेसाठी भाकरी बांधून देते आहेस, जवसाची चटणी वेगळ्या पानात. "डाक्तर तं झालाच," तू म्हणतेस, "आता आनखी काय शिकतं?" मी ऐटीत सांगतो की आता एकेक रोगी तपासायचा नाही, गावंच्या गावं आजारी का पडतात ते शिकायचं. तू भाकरीची गाठ आवळतेस आणि म्हणतेस, "थे तं गावालेच इचारा लागते." मी हसलो. गाडीत बसल्यावर ही गोष्ट मी बरोबरच्या दोघा विद्यार्थ्यांना गंमत म्हणून सांगितली, आणि तेही हसले.

आमच्या प्राध्यापकांनी पहिल्याच दिवशी तेच सांगितलं, फक्त इंग्रजीत. आकडा समोर आला की तो कोणी लिहिला, कुठे बसून लिहिला आणि त्याला कोणी सांगितला हे आधी विचारा, मग बेरीज करा. मी ते वहीत उतरवून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. ती वही अजून माझ्याकडे आहे. रेघा अगदी सरळ आहेत.

प्रबंधासाठी मी आपलाच मुलूख निवडला. अमरावतीच्या कचेरीत आपल्या ठाण्याची मृत्यूची जुनी बुकं ठेवलेली होती. महिनाभर रोज जाऊन मी ती उतरवली: नाव, गाव, वय, कारण, तारीख, माहिती देणारा. मग बुकात 'कॉलरा' लिहिलेली, पटकीची मरणं तेवढी वेगळी काढून चौकटीच्या कागदावर दिवसवार मांडली. रेघ जोडत गेलो. दर सातव्या दिवशी रेघ वर उसळत होती. मी पंचांग काढून पाहिलं. मंगळवार. पुढचा, त्याच्या पुढचा, मागच्या वर्षीचे, सगळे मंगळवार. आपल्या गावचा बाजार! दहा गावांची माणसं एका जागी येतात, एका विहिरीचं पाणी पितात आणि मरतात. पटकीचं पाणी पोटात गेल्यावर बहुतेक माणसं त्याच दिवशी मरत नाहीत, हे मला चांगलं माहीत होतं. त्यासाठीही मी एक स्पष्टीकरण जुळवलं, दोन पानांचं. शिकलेल्या माणसाला स्वतःला फसवायला दोन पानं पुरतात. रेघ इतकी देखणी होती की ती सोडवेना.

प्राध्यापकांचं पत्र आलं, की काम उत्तम आहे, छापण्याजोगं आहे. नुसत्या बुकांवर भरवसा ठेवू नये, जागेवर जाऊन पडताळून घ्यावं, असंही खाली एक वाक्य होतं. ते मी वाचलं आणि पत्र घडी करून खिशात ठेवलं. अहवालाची एक प्रत अमरावतीच्या आरोग्यसाहेबांना नेऊन दिली. साहेब भला माणूस होता, आणि आपल्या जिल्ह्यातला एक माळ्याचा पोर असं काही शोधून काढतो याचं त्यांना खरंच कौतुक वाटलं. त्याच वैशाखात आपल्या वरच्या, नदीच्या वरच्या अंगाच्या गावात पटकी लागली. साहेबांनी माझा अहवाल समोर ठेवून हुकूम काढला: बाजार बंद, बाजाराच्या विहिरीला कुलूप. हुकूम दवंडीनं सांगितला तेव्हा मी चावडीपाशीच उभा होतो. लोक माझ्याकडे पाहत होते. मला वाटलं, आदरानं.

पहिला मंगळवार गेला, दुसरा गेला, वांगी झाडावरच पिवळी पडली. आठ माळी कुटुंबं त्या बाजारावर जगत होती, त्यांच्या बायका तुझ्याकडे यायच्या आणि मी दिसलो की बोलणं थांबवायच्या. दुसऱ्या मंगळवारी दुपारी मी मळ्यात आलो. तू दांडातून वाफ्यात पाणी घेत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "मंगयवारी मरत नाई कोनी, बापू. मंगयवारी लिवतेत." मी काय उत्तर दिलं ते मला अजून शब्दाशब्दानं आठवतं, कारण त्यातला एकही शब्द मला परत घेता आला नाही. मी म्हणालो, "तुला एक अक्षर वाचता येत नाही माय, आणि मी पाच वर्षांची बुकं पाहिलीत. भाजी सडते म्हणून काहीतरी बोलू नकोस." तू खुरप्यानं माती ओढून पाण्याची वाट दुसऱ्या वाफ्याकडे वळवलीस. तुझा चेहरा मला दिसला नाही, आणि मी पाहायचा प्रयत्नही केला नाही.

पण ऐकून कसं विसरणार? फटका खाल्लेलं मनगट माझंच होतं. मी ते डोक्यातून काढून टाकत राहिलो आणि ते परत येत राहिलं. त्यात आणखी एक गोष्ट मी रोज पाहत होतो. विहिरीला कुलूप लागल्यापासून गावातल्या बाया पाण्याला नदीवर जायला लागल्या होत्या. उन्हाळ्यानं नदीची बारीक धार उरलेली, तिच्या कडेला वाळूत झिरे खणायचे आणि वाटी-वाटीनं घागर भरायची. बाजाराच्या विहिरीचं पाणी खोल आणि स्वच्छ होतं. ते मी बंद केलं होतं. त्या आठवड्यात आपल्या गावातही पहिली माणसं आजारी पडली.

तिसऱ्या मंगळवारी मी ठाण्यात गेलो. बाजाराचं मैदान रिकामं होतं, एक कुत्रं तेवढं सावलीत पडलेलं. बाजार बंद होऊन तीन आठवडे झाले होते, त्यामुळे माझ्या हिशोबानं मंगळवारचा सुळका मोडायला हवा होता. मुन्शीनं बुक उघडून दिलं. मागचे दोन्ही मंगळवार नावांनी भरलेले होते, मधले दिवस जवळजवळ कोरे. मी बघत असतानाच वरच्या गावचा कोतवाल आला, उंबऱ्याशी बसला, कनवटीची गाठ सोडली आणि एकेक सरकी फरशीवर ठेवत नावं सांगायला लागला. ही परवा गेली, हा शुक्रवारी, ही दोघं त्याच्या आदल्या दिवशी. मुन्शी मान खाली घालून लिहीत होता आणि प्रत्येक नावापुढे त्या दिवसाची, मंगळवारची, तारीख टाकत होता. त्यानं ते काही वाईट बुद्धीनं केलं नव्हतं. त्याला आकडा द्यायचा असायचा, तारीख कोणी कधी विचारलीच नव्हती. कोतवाल उठला, बाहेर गेला, आणि भिंतीशी सरक्या टाकल्याचा बारीक आवाज मला ऐकू आला.

तरीही तुझ्याकडे यायला मला चार दिवस लागले. शनिवारी सकाळी मी कागद घेऊन मळ्यात आलो आणि विचारलं, कोण कधी गेलं ते तुला आठवतं का. तू खुरपं बाजूला ठेवून उठलीस. आपला मळा नदीकाठी, वरचं, आपलं आणि खालचं अशा तिन्ही गावांच्या वाटेवर. मयताला फुलं लागली की माणूस तुझ्याकडेच यायचा, साथीच्या दिवसांतही ओंजळभर मोगरा नाहीतर झेंडू नेल्याशिवाय कोणी तिरडी उचलत नव्हतं. आणि मळ्यात पाण्याची पाळी ठरलेली, रोज एक पट्टी. तू कमरेवर हात ठेवून एकेका पट्टीकडे बोट दाखवत गेलीस. वरच्या गावची सुतारीण गेली त्या दिवशी वांग्याला पाणी होतं. तिचा दीर दुसऱ्या दिवशी, तेव्हा मिरचीला. मी पंचांगाशी ताडून पाहत होतो. वरच्या गावातलं एक मरण मी स्वतः डोळ्यांनी पाहिलं होतं, त्याचा दिवस तुला काही न सांगता विचारला. तू तो बरोबर सांगितलास. मग मात्र मी ताडणं सोडलं आणि नुसता लिहीत गेलो.

अर्ध्या तासात कागद भरला. मंगळवार कुठेच नव्हता. मरणं पाण्याबरोबर खाली येत होती: आधी वरचं गाव, मग दोनेक आठवड्यांनी आपलं. वरच्या गावात मेलेल्यांची अंथरुणं नदीवर धुतली जात होती आणि आपण खाली त्याच धारेचे झिरे पीत होतो. तुला वाचता येत नव्हतं, पण मी काय लिहितोय ते तुला कळलं होतं. "आता खालचं गाव," तू म्हणालीस. "तठी तं झिऱ्याशिवाय पानीच नाई. आजच्या आज सायबाले सांग."

साहेब त्या दिवसांत अकोल्याला सरकारी कामासाठी गेले होते. मी छकडा करून अमरावतीला गेलो, तारेच्या कचेरीत शिरलो, फॉर्म घेतला. लिहायचं एवढंच होतं: बाजाराचा निष्कर्ष चुकीचा, कारण नदी, खालच्या गावचे झिरे ताबडतोब बंद करा. मी लिहिलं. आणि मग तिथेच टाक हातात धरून उभा राहिलो. साहेब विचारतील, कशावरून? काय सांगायचं? वांग्याला पाणी होतं म्हणून? कलकत्त्याला प्राध्यापकांना काय लिहायचं, की पाच वर्षांची बुकं बाजूला ठेवा, माझ्या आईनं मिरचीच्या पट्टीकडे बोट दाखवलं? मी मनाशी म्हटलं, आधी नीट पडताळून घेऊ, दोन-तीन दिवसांनी काय बिघडतं. शास्त्रात घाई करू नये, असंही मी स्वतःला बजावलं. फॉर्म फाडला, तुकडे खिशात घातले आणि छकडेवाल्याला परत फिरायला सांगितलं.

तू वाटच पाहत होतीस. "तार केली?" विचारलंस. मी म्हणालो, "केली."

दुसऱ्या दिवशी काय झालं ते मला नंतर कळलं. तू सकाळीच उठून उन्हातून खालच्या गावात चालत गेलीस. घरोघर सांगितलंस की झिऱ्याचं पाणी पिऊ नका, दोन दिवस लांबून विहिरीचं आणा. लोकांनी विचारलं, सरकारचा हुकूम आहे का? लांबची विहीर दुसऱ्या गावाच्या शिवारात होती, हुकुमाशिवाय ते भरू देणार नव्हते. तू म्हणालीस, "माह्या पोरानं तार केली हाय. सायेब येऊन राह्यला." माझ्या शब्दावर तू त्यांना थांबायला सांगितलंस. ते साहेबाची वाट पाहत थांबले. रविवारी कोणी आलं नाही, सोमवारी कोणी आलं नाही, आणि उन्हाळ्याचे दिवस होते, तहान थांबत नव्हती, झिऱ्यांचं पाणी पिणं चालूच राहिलं. त्या दोन दिवसांत मी घरात बसून काय करत होतो ते तुला माहीत आहे. मी जुन्या बुकांचे उतारे पुन्हा पुन्हा मांडून पाहत होतो. कदाचित दोन्ही खरं निघेल, बाजारही आणि नदीही, अशी काही तोड मी शोधत होतो.

मंगळवारी तू ठाण्यात आलीस. बाजार नव्हता, पाटी नव्हती, तू नुसतीच येऊन भिंतीशी तुझ्या जागेवर बसलीस, आणि मी समोरच्या ओट्यावर. दुपारच्या आधी खालच्या गावचा म्हातारा कोतवाल आला. तो आत जायच्या आधी तुझ्यापाशी थांबला. "सायेब नाई आला, बाई," एवढंच म्हणाला. मग खाली बसला आणि तुझ्यापुढेच कनवट सोडली. तू सरक्या मोजल्यास. नऊ होत्या, आणि त्यातल्या तीन त्यानं मुद्दाम लहान निवडून आणल्या होत्या. तू त्या एकेक उचलून त्याच्या तळहातावर परत ठेवल्यास आणि मग माझ्याकडे पाहिलंस. तुझ्या नजरेत राग नव्हता. तार कुठे अडकली असेल याची काळजी होती. राग असता तर बरं झालं असतं.

मी तिथून उठलो तो थेट अमरावतीला. तार केली. साहेबांनी एक क्षणही वाया घालवला नाही. रातोरात अकोल्याहून निघून, बडनेऱ्याला गाडी बदलून, ते बुधवारी सकाळी खालच्या गावात हजर झाले, औषधाच्या पेट्या आणि चार शिपाई घेऊन. झिरे बुजवले, लांबची विहीर हुकमानं खुली केली, वरच्या गावात नदीवर कपडे धुणं बंद केलं, आपल्या बाजाराच्या विहिरीचं कुलूप काढलं. पंधरा दिवसांत साथ बसली. त्या धांदलीत साहेबांनी मला एका शब्दानंही विचारलं नाही की आईचं ऐकून सांगतोस की बुकं पाहून. ज्या प्रश्नाला घाबरून मी तीन दिवस थांबलो तो कोणी विचारलाच नाही.

पुरवणी मी त्याच आठवड्यात लिहून काढली. शेवटी सही केली आणि तारीख घातली. शनिवारची. मुन्शीनं न कळता खोट्या तारखा टाकल्या होत्या, मी कळून टाकली. आणि माहिती कुठून मिळाली या जागी 'स्थानिक चौकशीवरून' असं लिहिलं. त्या दोन शब्दांत तू होतीस, तुझे वाफे होते, तुझी फुलं होती, आणि कोणाला दिसणार नाहीस अशी मी व्यवस्था केली होती. कलकत्त्यात मला शाबासकी मिळाली. प्राध्यापकांनी वर्गात सांगितलं की असं काम करावं. मी खाली मान घालून ऐकलं, लोकांना तो विनय वाटला.

तुला मी सांगितलं की तार वाटेत उशिरा पोचली. तू भाकरी थापत होतीस. "असंन," म्हणालीस. बस, तेवढंच. पुढे पंधरा-सोळा वर्षं आपण दोघं एका घरात येत-जात राहिलो, तू माझी लग्नाची, नोकरीची, बदल्यांची सगळी काळजी केलीस, पण त्या तारेबद्दल परत कधी विचारलं नाहीस. छकडेवाला आपल्याच गावचा होता. मी कचेरीतून किती वेळात बाहेर आलो, बाहेर येताना खिशात काय कोंबलं, हे त्यानं तुला सांगितलं असेल का, हा विचार मी इतक्या वेळा केला आहे की आता त्याचं उत्तर मिळालं तरी मला खरं वाटणार नाही. बाजार पुन्हा सुरू झाल्यावर तू तुझी जागा बदललीस, भिंतीपासून लांब, चिंचेखाली बसायला लागलीस. ऊन येतं म्हणून, असं म्हणालीस. तिथे दुपारी जास्त ऊन यायचं, माय.

त्या पावसाळ्यानंतर भिंतीशी पऱ्हाटी दाट उगवली होती. मी एकदा बघून आलो, परत गेलो नाही. तू गेलीस तेव्हा मात्र मी त्याच दिवशी ठाण्यात जाऊन उभा राहिलो आणि मुन्शीकडून तारीख बरोबर लिहून घेतली, स्वतः वाचून पाहिली. मुन्शीनं विचारलं, एवढी काय घाई? मी बुक त्याच्याकडे परत सरकवलं. माझ्या आयुष्यातली तेवढी एक तारीख मी वेळेवर दिली.

आता परवा ती मुलगी येईल. हुशार आहे, माझ्यासारखीच, म्हणून मला तिची धास्ती वाटते. मी गप्प बसलो तर एका भल्या माणसावर तीन दिवसांचा आळस कायमचा लिहिला जाईल, त्याच्या बाजूनं बोलायला आता कोणी उरलेलं नाही. तारखेचं मी तिला सांगेन, ते मी ठरवलं आहे. पण तारखेचं सांगितलं की ती विचारणारच, मग थांबलात का? याचं उत्तर मी आजवर कोणाला दिलेलं नाही, माझ्या बायकोलाही नाही. मी पडताळणीसाठी थांबलो नव्हतो. मला खात्री शनिवारी सकाळीच होती, मळ्यात, कागद भरला तेव्हाच. मी थांबलो कारण ते तुझ्याकडून कळलं होतं, आणि ते सांगायची मला लाज वाटली. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. हे पत्र टाकायला पेटी नाही, ते या वहीतच राहील, दोन सरळ रेघांच्या शेजारी. पण तू विचारलं होतंस आणि मी उत्तर दिलं होतं, ते दुरुस्त करून ठेवतो. शनिवारी नाही, माय. तार मी मंगळवारी केली.